ओटी भरून झाली, आता चित्रं बघू!

डिसेंबरातल्या एका रविवारी आमच्या कॉलनीतल्या भिशीच्या बायकांची सहल औंधला गेली. आम्ही सगळ्या कराडच्या. चौदा जणी, एक टेम्पो ट्रॅव्हलर, डबाभर धपाटी, दही, शेंगदाण्याची चटणी आणि प्रत्येकीच्या पिशवीत खण-नारळ. सहलीचं नाव ‘यमाईचं दर्शन’. नाव तेच द्यावं लागतं. देवाला जाते म्हटलं की घरात पुढचे प्रश्न येत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

मूळपीठाच्या डोंगरावर दर्शन छान झालं. ओट्या भरल्या, अंगारा घेतला, ‘ये माई’ अशी हाक मारली म्हणून देवी यमाई झाली ही गोष्ट एका काकूंनी सगळ्यांना पुन्हा सांगितली. उतरताना वाटेत भवानी संग्रहालय लागतं. मी म्हटलं, “चला, तासभर आत जाऊन येऊ.” तर एकदम शांतता! मग एकेक कारण निघालं. कुणाला उशीर होत होता, कुणाच्या पोराचा क्लास सुटणार होता. (रविवारी!) एक वहिनी तर स्पष्टच बोलल्या, “आवं ताई, राजाच्या जुन्या वस्तू असत्यात. त्यातलं आपल्याला काय कळतंय?”

चौदातल्या पाच जणी आत गेलो. बाकीच्या नऊ जणींनी झाडाखाली बैठक मारली आणि धपाट्यांचा डबा उघडला.

मैत्रिणींनो, त्या नऊ जणींवर मी रागावलेले नाही. दहा वर्षांपूर्वी मीही झाडाखालीच बसले असते. माझ्या सासूबाई आयुष्यभरात यमाईला निदान वीस वेळा गेल्या असतील, पण संग्रहालयाचा उंबरा त्यांनी एकदाही ओलांडला नाही. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. पण ‘तुम्हीही या’ असं कुणी म्हटलंही नव्हतं.

आत काय आहे ते सांगते. औंधचे राजे भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. रामायणावर चित्रं काढून त्यांनी ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध केलं. चित्रं, मूर्ती, हस्तिदंताचं आणि लाकडाचं कोरीव काम त्यांनी हौसेनं जमवलं आणि १९३८ साली हे सगळं लोकांसाठी खुलं केलं. सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थानाच्या गावात! राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं इथं आहेत. रविवर्मा आपल्याला परका नाही. आपल्या आज्यांच्या देवघरात चौकटीत बसवलेली लक्ष्मी-सरस्वती असायची ना, ती त्याच्याच छापखान्यातून घरोघर गेलेली. पण छापलेलं चित्र आणि मूळ रंगातलं चित्र यात काय अंतर असतं, ते समोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. साडीच्या जरीवर पडलेला उजेड त्याने असा रंगवलाय, की बोट लावून बघावंसं वाटतं. लावू नका, रखवालदार ओरडतो. मला ओरडला.

धुरंधरांची चित्रं आहेत, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचं काम आहे. आणि या सगळ्यात एक दगडी शिल्प आहे, ‘आई आणि मूल’. ते केलंय इंग्लंडच्या हेन्री मूरनं. हा मूर विसाव्या शतकातला जगातला फार मोठा शिल्पकार. त्याची शिल्पं लंडन-न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांत आहेत, आणि एक आपल्या खटाव तालुक्यात, यमाईच्या वाटेवर.

आमच्याबरोबर ज्या काकू आत आल्या होत्या, त्या खरं तर गुडघे दुखतात म्हणून सावलीला आल्या होत्या. त्या शिल्पासमोर त्या बराच वेळ थांबल्या. मूर नाक-डोळे रेखीव काढायच्या फंदात फारसा पडत नसे, त्यामुळे माझी एक मैत्रीण म्हणाली, “हे काय, अर्धवटच सोडलंय!” काकू मात्र म्हणाल्या, “अर्धवट न्हाई गं. दमलीय ती. पोराला घेऊन बसली की असंच व्हतंय, तोंडाकडं कोण बघतंय?”

घरी येऊन मी मूरविषयी वाचलं. हा यॉर्कशायरमधल्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या माणसाचा मुलगा, आठ भावंडांतला सातवा. त्याच्या आईची पाठ संधिवाताने दुखायची आणि लहानपणी हा तिच्या पाठीला तेल चोळून द्यायचा. पुढे मोठा शिल्पकार झाल्यावर त्याने सांगितलं होतं की बसलेल्या बाईचं एक शिल्प करताना तिच्या पाठीला आपण नकळत आईच्याच पाठीचा आकार देत होतो. हे वाचल्यावर मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, “मग! म्या सांगितलंच व्हतं दमलीय म्हणून.”

‘आपल्याला काय कळतंय’ म्हणणाऱ्या वहिनींना मला हेच सांगायचंय. काकू सातवी शिकलेल्या. त्यांना शिल्पकलेची परिभाषा येत नाही. पण चार लेकरं वाढवलेल्या बाईला आई आणि मुलाच्या शिल्पातलं कळणार नाही, तर कुणाला कळणार?

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण बायकांनी ‘बघायला जाणं’ हे देव, लग्न आणि दवाखाना यांच्या तावडीतून सोडवायला हवं. पुरुष माणूस कामासाठी सातारला गेला तर येता-येता किल्ला बघतो, धरण बघतो, मित्राबरोबर वडापाव खातो. त्याला कुणी विचारत नाही की याचं पुण्य किती? आपल्याला मात्र नुसतं बघण्याचा आनंद घ्यायचा तर त्याला निमित्त जोडावं लागतं. निमित्त मिळालं की आपण जातोच की! जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या शिवाजी संग्रहालयात आली आणि तिथं सात महिने होती. केवढी गर्दी झाली! कडेवर पोरं घेऊन बायका रांगेत उभ्या होत्या. कारण तिथं महाराजांचं दर्शन होतं, आणि दर्शन म्हटलं की घरून ‘जा’ म्हणतात. वाघनखं पुढे दुसऱ्या शहरात गेली. त्या रांगेतल्या किती जणी पुन्हा त्या इमारतीत गेल्या असतील, हा विचार माझ्या मनात येतो.

बरं, आपला भाग काही कोरडा नाही. मिरजेच्या सतारी आणि तानपुरे देशभरातल्या गवयांच्या मांडीवर असतात, त्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ करून मराठी नाटकाचा पडदा उघडला. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, तिथलं शूटिंग आपण सिनेमात बघतो आणि वाडा मात्र बघत नाही. आणि किर्लोस्करवाडी! औंधच्याच राजांनी दिलेल्या माळरानावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराचा कारखाना आणि गाव वसवलं, हे शाळेत शिकलोय. पण त्याच माळावरून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं, हे शाळेत शिकवलं नाही. बायकांचे प्रश्न बायकांनी वाचावेत, त्यावर लिहावं, भांडावं, हे आपल्या सांगली जिल्ह्यातल्या एका रेल्वे स्टेशनाशेजारच्या वसाहतीतून सुरू झालं. पुढे मासिक पुण्याला गेलं, विद्या बाळ त्याच्या संपादक झाल्या, तो मोठा इतिहास आहे. मला विचाराल तर ‘स्त्री’चे जुने अंक, त्यांना आलेली पत्रं, मुखपृष्ठं यांची एक खोली या भागात कुठेतरी असावी. तिथं मी तिकीट काढून जाईन आणि निमित्त सांगणार नाही.

आता द्राक्षांकडे येते. औंधहून परत येताना गाडी विट्यावरून पलूसकडे वळवली, कारण तिथं माझी नणंद राहते आणि तिने चहाला बोलावलं होतं. चौदा जणी म्हटल्यावर चहाचा पोह्यांसकट कार्यक्रम झाला. मागच्या अंगणापासूनच तिची बाग सुरू होते. बागेत विरळणीची टोळी लागली होती. आठ-दहा बायका मांडवाखाली हात वर करून, मान मागे टाकून, छोट्या कात्रीने घडातले मणी कापत होत्या. निम्मे मणी काढले की उरलेले फुगतात, म्हणून हा उद्योग. एकेका घडाला काय काढायचं आणि काय ठेवायचं हे तीच बाई ठरवते, आणि तेही पटापट. मग डिपिंग, म्हणजे घड जीएच्या पाण्यात बुडवायचे. पुढे बेदाण्याच्या शेडवर निवडायला पुन्हा बायकाच. चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा होतो. त्यातला हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळा वेगळा, काडी बाजूला. तासगाव-सांगलीच्या सौद्यात भाव फुटतो तो या बोटांच्या जोरावर. टोळीतली एक जण खाली बसून मान चोळत होती. मला पुन्हा ते दगडातलं शिल्प आठवलं.

याच पलूसमध्ये एमआयडीसीचा वाईन पार्क आहे. २००१ साली सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, त्यातून नाशिककडे विंचूर आणि आपल्याकडे पलूस असे दोन पार्क झाले. लोक म्हणत, परदेशासारखं होईल, पर्यटक येतील, बागा बघतील, वाईन चाखतील, मुक्काम करतील. नाशिकला ते बऱ्यापैकी झालं. तिथं शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या लागतात. पलूसला तसं जमलं नाही. वाईनची द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांची. ती मंडईत कुणी घेत नाही. वायनरीने हात वर केले की शेतकऱ्याला दुसरं गिऱ्हाईक नाही. २००८-०९ च्या मंदीनंतर महाराष्ट्रात कित्येकांवर ही वेळ आली आणि वाईनच्या वेली काढून लोकांनी पुन्हा खायची द्राक्षं लावली.

मग जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय सरकारने घेतला आणि सगळीकडे वाद पेटला. वाईन म्हणजे दारू की नाही, यावर टीव्हीवर आठवडाभर भांडणं चालली. बोलणारे बहुतेक पुरुष होते हे वेगळं सांगायला नको. निर्णयाची अंमलबजावणी शेवटी झाली नाही. माझं मत सरळ आहे. ज्या भागातल्या बायकांनी ‘आडवी बाटली’साठी रांगा लावून मतदान केलं, घरातल्या दारूपायी मंगळसूत्र गहाण टाकलं, त्या भागात किराणा दुकानात बाटली नको. ‘शेतकऱ्याचं भलं होईल’ हे कारण पुढे करून तर मुळीच नको, कारण शेतकऱ्याची बायकोही शेतकरीच असते आणि तिला कुणी विचारलेलं नसतं. पण म्हणून वायनरी म्हणजे पाप, असंही मी म्हणणार नाही. कुणी पाहुणा लांबून आला, पैसे देऊन एक पेला चाखला आणि गेला, तर माझं त्याच्याशी भांडण नाही.

भांडण दुसरंच आहे. द्राक्षाचं पर्यटन म्हटलं की आपल्या पुढाऱ्यांना फक्त पेला दिसतो. पाहुण्याला स्टीलच्या टाक्या दाखवतात, लाकडी पिंप दाखवतात, पेला हातात कसा धरायचा ते शिकवतात. घडाला कात्री लावणारी बाई त्याला भेटत नाही. म्हणून मला वाटतं, आपल्याकडे वाईनच्या आधी द्राक्षाचं संग्रहालय व्हावं. तासगावात व्हावं, नाहीतर पलूसला. तिथं एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी समजावून सांगावी. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांच्या बागेत ‘तास-ए-गणेश’ ही जात कशी सापडली ते सांगावं. विरळणीची कात्री पाहुण्याच्या हातात द्यावी आणि म्हणावं, हं, धरा हात वर दहा मिनिटं! आणि ते दाखवायला टोळीतलीच बाई असावी, पगारावर. वर्षातले चार महिने तिला बागेत काम असतं. उरलेल्या महिन्यांत तिची अक्कल कुठे जाते?

हे स्वप्नरंजन नाही. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं भिलार बघा. स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ ला ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं. राज्य मराठी विकास संस्थेने पंचवीस ठिकाणी, बहुतेक लोकांच्या घरांतच, सुरुवातीला पंधरा हजार पुस्तकं ठेवली. कल्पना ब्रिटनमधल्या हे-ऑन-वायची, पण ओटा आणि पडवी आपली. पाहुण्याने कुणाच्याही घरात जावं, पुस्तक घ्यावं, बसून वाचावं. त्याच घरात राहायची-जेवायची सोय झाली, हातात पैसा आला. मी दोन वर्षांमागे गेले होते. पुस्तकं बघून झाल्यावर घरच्या ताईंना विचारलं, “तुम्ही यातलं काय वाचलंत?” त्या हसल्या. म्हणाल्या, “सीझनला भाकऱ्या थापण्यातनं वर बघायला होत न्हाई. पावसाळ्यात पाव्हणं नसत्यात, तवा वाचते.” मग त्यांनी आतल्या कपाटातून एक कादंबरी काढून दाखवली, अर्ध्यात बसपासची खूण घातलेली. म्हणजे बघा, पुस्तकं दारात आली तरी खुर्ची पाहुण्याची आणि चूल तिचीच राहिली. तरीही मी म्हणेन, ती खूण महत्त्वाची. पुस्तकं आलीच नसती तर ती खूण तरी कुठे घातली असती?

आणखी एक गोष्ट मनात येते, ती आपल्याच घरातल्या अडगळीची. पुण्याच्या केळकर संग्रहालयात दिव्यांपासून अडकित्त्यांपर्यंत, करंड्यांपासून टाचा घासायच्या वज्रीपर्यंत सगळं मांडलंय. काकासाहेब केळकरांनी कमलाबाईंच्या साथीने गावोगाव फिरून ते जमवलं. आपल्याकडे मात्र सासूची वाकळ भंगारवाल्याच्या गाडीवर जाते आणि जातं अंगणात तुळशीखाली उपडं पडतं. माझ्या आजीच्या वाकळेत तिच्या लग्नातल्या इरकलीचा तुकडा होता. ती वाकळ मीच बोहारणीला दिली आणि स्टीलचं पातेलं घेतलं. पातेलं अजून आहे. त्यात दूध तापवताना दर वेळी ते इरकलीचं काठ आठवतं.

सरकारकडे मागायच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. संग्रहालयात प्रत्येक वस्तूखाली सोप्या मराठीत चार ओळी असाव्यात. नुसतं नाव आणि साल नको. बसायला बाकं हवीत, कारण गुडघेदुखीवाल्या काकूच खरं बघतात. स्वच्छ बाथरूम हवं. बायका सहलीत पाणी का पीत नाहीत, हे कुठल्याही समितीवरच्या साहेबांना आपल्या बायकोला विचारून समजेल. चहा-नाष्ट्याचं कंत्राट गावातल्या बचत गटाला द्यावं. आणि दर महिन्याला एक दिवस माहिती सांगणारी बाई असावी. प्राध्यापिका नसली तरी चालेल, त्याच गावची, वस्तू पाठ असलेली.

आपल्याकडून करायचं ते त्याहून सोपं. पुढची भिशी, पुढचं हळदीकुंकू, बचत गटाची पुढची सहल ठरवताना दर्शनाच्या शेजारी एक संग्रहालय लिहायचं. सोमवार मात्र टाळा, सरकारी संग्रहालयांना त्या दिवशी बहुधा सुट्टी असते.

आमच्या झाडाखालच्या नऊ जणींचं काय झालं ते सांगायचं राहिलं. परतीच्या प्रवासात काकूंनी त्या शिल्पातल्या बाईची गोष्ट सगळ्यांना इतकी रंगवून सांगितली, की विट्यापर्यंत गाडीत दुसरा विषयच नव्हता. गेल्या आठवड्यात भिशी झाली. ‘राजाच्या जुन्या वस्तू’ म्हणणाऱ्या वहिनींची चिठ्ठी लागली. पैसे मोजून पर्समध्ये ठेवता ठेवता त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “त्या औंधला पुन्हा कधी जायचं म्हणताय? घरी देवीचा नवस हाय म्हणून सांगते.”

काकू म्हणाल्या, “नवस कशाला? चित्रं बघायला चाललीय म्हणून सांग की.”

वहिनींनी पर्सची चेन ओढली. म्हणाल्या, “बघू. या वेळेला नवसच सांगते.”